खाटेला पैसे आहेत, माणसाला नाहीत

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून साडेपाच हजारांहून अधिक मंजूर खाटा आहेत. त्यातल्या २,५४० एकट्या येरवड्यात. या खाटांवर आजही अशी माणसं आहेत ज्यांचा आजार केव्हाच आटोक्यात आला आहे. ती गोळ्या वेळेवर घेतात, वॉर्डातली चार कामं करतात, नव्या माणसाला धीर देतात. घरी सोडायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून ठेवलंय. न्यायला कोणी येत नाही म्हणून ती तिथंच राहिली आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचं कलम १९ या बाबतीत नि:संदिग्ध आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर तशी सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. ती सोय उभी करण्याची जबाबदारीही याच कलमानं सरकारवर टाकली आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे.

या माणसांवर सरकार आजही खर्च करतंच आहे. जेवण, कपडे, औषधं, पहारा, इमारतीची डागडुजी, सगळा पैसा तिजोरीतूनच जातो. माणूस बाहेर पडला की त्याच्या वाटणीचा पैसा मात्र खाटेपाशीच राहतो. तो पैसा त्याच्याबरोबर बाहेर आला पाहिजे, त्याच्या घरभाड्याला आणि मदतनिसाच्या पगाराला लागला पाहिजे, ही माझी मागणी आहे. तिला विरोध करणारी माणसं दुष्ट नसतात. म्हणूनच त्यांच्या एकेका आक्षेपाला नीट उत्तर द्यायला हवं.

‘घरचेच नेत नाहीत, तिथं सरकार काय करणार?’ हा पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप. माणसाला राहायला दोनच जागा असतात, भावाचं घर नाहीतर वॉर्ड, असं त्यात धरून चाललेलं असतं. चेन्नईच्या ‘द बनियन’ या संस्थेनं २०१५ पासून ‘होम अगेन’ या उपक्रमातून तिसरी जागा दाखवून दिली. चार-पाच जणांनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहायचं आणि सोबतीला ज्याला लागेल तेवढी मदत द्यायची. वर्षानुवर्षं संस्थांत काढलेली माणसं अशा घरांत राहू लागली, आणि त्या धर्तीचं काम महाराष्ट्रातही पोचलं.

अशाच पद्धतीच्या एका घरी मी कोकणात गेले होते. चार बायका, दोन खोल्या, पुढे पडवी. सोमवारी बांगडा आणायचा की नाही यावरून चांगलंच वाजलं होतं. एकीचा उपास, तर दुसरीनं बाजारात ताजा मासा पाहून ठेवलेला. मदतनीस ताई तांदूळ निवडत बसली होती, तिनं मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी बांगडा आला, वेगळ्या कढईत शिजला आणि उपासवालीनं मागचं दार सताड उघडं ठेवायला लावलं. त्यातल्या दोघींनी आयुष्याची ऐन वर्षं वॉर्डात काढली होती. तिथं सोमवारी काय शिजायचं हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. या घराचं भाडं, ताईचा पगार आणि किराणा हा सगळा खर्च संस्थेनं जमवलेल्या देणग्यांतून भागत होता. देणगी आटली तर त्या चौघी कुठं जाणार, या प्रश्नाला तिथं कुणाकडेच उत्तर नव्हतं.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. चार भिंतींच्या आत ही माणसं, विशेषतः बायका, सुरक्षित असतात म्हणे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली आणि कारण दिलं गेलं ते पाळीच्या वेळच्या स्वच्छतेचं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा कुठं पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेली २८ माणसं आगीत मेली. त्यांनाही ‘सुरक्षित’च ठेवलं होतं. भाड्याच्या घरातही कुणी गैरवापर करू शकतं, हे मला मान्य आहे. पण तिथं शेजारी असतात, दूधवाला असतो, दाराला आतून कडी असते. तपासणीचा, न सांगता येऊन भेट देणाऱ्या माणसाचा खर्चही याच निधीत धरावा लागेल. तो टाळून चालणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक अभ्यासू माणसं घेतात, आणि तो खरोखर वजनदार आहे. ‘अमेरिकेनं मनोरुग्णालयं रिकामी केली आणि माणसं फुटपाथवर नि तुरुंगात गेली. तेच इथं हवंय का?’ हा इतिहास खरा आहे. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसं होती. १९६३ मध्ये केनेडींनी वस्तीपातळीवरच्या मानसिक आरोग्य केंद्रांचा कायदा केला. सुमारे दीड हजार केंद्रं उभी राहायची होती, त्यातली जेमतेम निम्मी झाली. जी झाली त्यांना केंद्र सरकारची मदत सुरुवातीची काही वर्षंच मिळाली, ती दरवर्षी घटत गेली आणि १९८१ मध्ये रेगन सरकारनं ती राज्यांच्या ठोक अनुदानात विरघळवून टाकली. रुग्णालयांत वाचलेला पैसा माणसांमागे गेलाच नाही. माणूस बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात गोळ्यांची पुडी होती, घराची किल्ली नव्हती. अमेरिकेचा दाखला देणारे लोक माझीच बाजू मांडत असतात, एवढं त्यांच्या लक्षात येत नाही.

शिवाय ती गोष्ट तिथं संपत नाही. जॉर्जियातल्या दोन स्त्रिया, लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन, बाहेर राहू शकतात असं डॉक्टर सांगत असूनही त्यांना रुग्णालयात ठेवलं गेलं होतं. २२ जून १९९९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ओल्मस्टेड खटल्यात सांगितलं की, अकारण असं वेगळं पाडणं हाच भेदभाव आहे. २००५ च्या कायद्यानं ‘पैसा माणसामागे’ अशी योजना आली. संस्थेतून बाहेर आलेल्या माणसाच्या सेवांसाठी पहिले ३६५ दिवस केंद्र राज्याला वाढीव वाटा देतं. घर कसं असावं याचाही नियम आहे. गटानं राहायचं असेल तर एका घरात एकमेकांशी नातं नसलेली चारपेक्षा जास्त माणसं नकोत, नाहीतर छोट्या आकाराची संस्थाच पुन्हा उभी राहते. या योजनेतून एक लाखाहून अधिक माणसं बाहेर आली. इटलीत त्रिएस्तेला मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बझालियांनी १९७१ पासून हेच केलं. सुमारे बाराशे माणसांचं रुग्णालय १९८० पर्यंत बंद झालं आणि तिथला पैसा नि कर्मचारी वस्तीतली चोवीस तासांची केंद्रं, सदनिका, सहकारी संस्था यांकडे वळले.

आता खर्चाचा आक्षेप. इथं आपल्या बाजूच्या लोकांनीही सोपी उत्तरं देऊ नयेत. ‘बाहेर ठेवणं स्वस्त पडतं’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं, पण वित्त विभागात टिकत नाही. येरवड्यातून दोनशे माणसं बाहेर गेली म्हणून वीजबिल, पहारेकरी, स्वयंपाकघर नि पगार त्या प्रमाणात कमी होत नाहीत. काही वर्षं दोन्हीकडे पैसा घालावा लागेल. तो द्यायची तयारी नसेल तर पूर्ण वॉर्ड कधीच बंद होणार नाही आणि बचतही कधीच दिसणार नाही. दुसरी अडचण खात्यांची. मनोरुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं, पुनर्वसन दिव्यांग कल्याण विभागाचं, निराधार बाईची जबाबदारी महिला व बालविकासची. बचत एकाच्या लेखाशीर्षात होणार आणि खर्च दुसऱ्याच्या. मग फाईल पुढं सरकणार कशी? या कोंडीतून काय निघतं ते आपण पाहिलंय. महाराष्ट्रात बऱ्या झालेल्या माणसांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जाऊ लागलं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला हे कायद्याविरुद्ध आहे, ताबडतोब थांबवा, असं सांगावं लागलं. त्या इमारतींना तरतूद होती, भाड्याच्या खोलीला नव्हती, हेच त्यामागचं कारण असणार असं माझं मत आहे.

राहिला आपल्या मराठी मनाचा आक्षेप. आश्रम, वसाहती, निवासी शाळा उभारण्यात माणसांनी आयुष्यं वेचली, त्यांचा हा अपमान नाही का? मुळीच नाही. समाजानं कुष्ठरुग्णांना गावाबाहेर काढलं होतं तेव्हा बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं. वेगळं गाव वसवावं लागलं हा दोष गावाचा होता. आजही बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांचे आईबाप ‘आमच्या पश्चात काय?’ या एका प्रश्नानं रात्र रात्र जागतात आणि मिळेल त्या संस्थेत आयुष्याची पुंजी भरतात. त्यांना दुसरा पर्यायच दिलेला नाही. निवासी संस्थेला दरडोई परिपोषण अनुदान मिळतं. तेच मूल सज्ञान होऊन मित्राबरोबर खोली घेऊन राहू म्हणालं, तर अनुदान बंद. चांगल्या संस्थांनाही मग माणसं धरून ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. उद्या हेच अनुदान माणसाच्या नावावर झालं, तर त्याच संस्था त्याच अनुभवावर घरं चालवायला मदत करतील.

मग करायचं काय? बाहेर पडू इच्छिणाऱ्या प्रत्येकाच्या गरजा त्याच्याशी बोलून ठरवाव्यात आणि त्याच्या नावानं रक्कम मंजूर करावी. ती आयुष्यभर चालू राहावी आणि दरवर्षी महागाईप्रमाणे वाढावी. संजय गांधी निराधार योजनेची रक्कम वाढत आली असली तरी तेवढ्यात खोलीचं भाडंही सुटत नाही. सुरुवातीला एकरकमी पैसे वेगळे हवेत, कारण अनामत, गॅस, भांडी, अंथरूण, आधार कार्ड आणि बँक खातं नसेल तर पहिल्याच आठवड्यात सगळं अडतं. घरमालक जामीन मागतो, तेव्हा करारावर संस्थेची सही आणि मागे सरकारची हमी असावी. वॉर्ड बंद होतील तिथल्या कक्षसेवकांना त्यांची सेवा अखंड ठेवून या घरांच्या मदतीला नेमावं. माणसं सांभाळण्याचं कसब त्यांच्याकडे आहे, आणि नोकरीची भीती गेली की त्यांचा विरोधही उरणार नाही. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी राखून ठेवावाच लागतो. तो दरवर्षी मार्चअखेर घाईघाईनं वस्तूवाटपात संपवण्यापेक्षा त्यातून मदतनिसांचे पगार द्यावेत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. येत्या अर्थसंकल्पात तिन्ही विभागांचं मिळून एक लेखाशीर्ष उघडावं आणि पहिल्या वर्षी चार रुग्णालयांपैकी एकातला एक वॉर्ड निवडावा. त्या वॉर्डातल्या माणसांना कुठं नि कुणाबरोबर राहायचंय हे विचारून त्यांची पहिली यादी विधिमंडळासमोर, नावं उघड न करता, खर्चासह ठेवावी.