जमा आणि नावे

व्यावसायिक बास्केटबॉल संघ ही एक पेढीच. तिचा हिशेब रोखठोकच तपासावा.

टोरांटो रॅप्टर्सचेच पाहा. २०१७ व २०१८ साली बाद फेरीत क्लीव्हलँडने त्यांना ४-० असे लोळवले. जुलै २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष मसाई उजिरी यांनी नऊ हंगाम खेळलेल्या डेमार डेरोझनला सॅन अँटोनियोकडे धाडून कवाय लेनर्डला आणले. लेनर्ड वर्षभराने सोडून जाऊ शकत होता, हे ठाऊक असूनही! २०१९ साली गोल्डन स्टेटला ४-२ असे हरवून टोरांटोने पहिलेच अजिंक्यपद मिळवले. प्रतिपक्षाचा ड्युरंट जायबंदी होता, हेही खरे. महिनाभरातच लेनर्ड गेला.

मग सौदा बुडीत का? माझ्या मते मुळीच नाही. त्याच खेळाडूंनिशी तिसऱ्यांदा तसेच हरणे म्हणजे निष्ठा नव्हे. मात्र आपल्याला बदलणार नाही असे सांगितले गेले होते, अशी डेरोझनची तक्रार होती. गैरसमजाबद्दल उजिरींनी जाहीर माफी मागितली. खेळाडू बदलणे हा संघाचा हक्क आहे, पण त्याला आधी खरे सांगणे हे कर्तव्यही आहे. चषक जमेस धरताना ही चूक नावे लिहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.