पॅरिस व्हाया कळंबोली

‘कळंबोलीला राहते’ असं सांगितलं, की समोरचा हमखास म्हणतो, ‘अच्छा, एक्सप्रेस-वे सुरू होतो तिथे ना?’ हो बाबा, तिथेच. म्हणजे जगाच्या दृष्टीने कळंबोली ही राहायची जागाच नाही, पुढे सुटायची जागा आहे. पुण्याला जाणारे आमच्या नाक्यावर गाडी थांबवतात, बर्गर खातात आणि सुसाट निघून जातात. या वेळी मात्र सुटायची पाळी आमची आहे. आम्ही म्हणजे मी आणि आप्पा. आणि पुण्याला नाही, थेट पॅरिसला!

ऑफिसात हे सांगितलं तेव्हा लंच टेबलवर एकदम शांतता पसरली. आमच्या ग्रुपमध्ये बाली, व्हिएतनाम, थायलंड असे प्लॅन्स शिजत असतात. ‘वडिलांबरोबर? पॅरिसला? अगं, ते हनिमूनवाल्यांचं शहर!’ एकीने कळवळून सांगितलं. मी म्हटलं, ‘आप्पांना हनिमूनशी घेणं-देणं नाही. त्यांना लोखंड बघायचंय.’

सांगते. आप्पा माथाडी कामगार. जावळी तालुक्यातून १९७८ साली मुंबईत आले आणि कर्नाक बंदरच्या लोखंड बाजारात लागले. पुढे तो बाजार कळंबोलीला आला, त्याच्यामागून आप्पा आले आणि आमचं घरही आलं, सिडकोच्या केएल टाइपमध्ये, तळमजल्याला. सळयांचे भारे, पत्रे, तारेची भेंडोळी... २०१७ मध्ये निवृत्त होईपर्यंत ३९ वर्षं आप्पांनी लोखंड उचललं, उतरवलं आणि रचलं. घरात एकदा कुठल्याशा कॅलेंडरवर आयफेल टॉवर आला. बाकीच्यांनी तारखा बघितल्या, आप्पांनी टॉवर. मग प्रश्न. ‘हे सगळं लोखंडच ना गं? किती टन?’

मी नेटवर बघून सांगितलं, ‘सात हजार तीनशे.’ आप्पांनी मनातल्या मनात हिशेब केला. ‘पंचवीस टनी ट्रेलर धरला तर तीनशेच्या आत. म्हणजे फार नाही.’ आणि मग थोडं थांबून, ‘पण एवढं वर चढवलं कुणी?’

आता यावर काय बोलणार? आयफेलसाहेबांचं नाव टॉवरला आहे. पहिल्या मजल्याच्या खाली चहूबाजूंनी ७२ शास्त्रज्ञ-इंजिनियरांची नावं कोरली आहेत. ज्यांनी १८८७ ते १८८९ या दोन वर्षांत अठरा हजारांवर तुकडे जोडले आणि २५ लाख रिव्हेट ठोकले, त्यांची नावं त्या पट्टीवर नाहीत. आप्पा म्हणाले, ‘हां. म्हणजे आपल्यासारखंच.’ त्या दिवशी मी ठरवलं, बोनस आला की बाली कॅन्सल.

तिकीट काढणं, हॉटेल बघणं, थर्मल घेणं म्हणजे परदेशवारीची तयारी, असं मला वाटायचं. फंडा क्लिअर होता. पण तुमच्याबरोबर सातवी शिकलेले, आयुष्यात कधी फॉर्म न भरलेले वडील असतील ना, तर तयारी म्हणजे एकच काम. हा माणूस आहे आणि तो हाच आहे, हे कागदावर सिद्ध करणं.

पहिला कागद पासपोर्टचा. त्यासाठी जन्मतारखेचा पुरावा. आप्पांचा जन्मदाखला नव्हताच, शाळा सोडल्याचा दाखला होता. ‘होता’ म्हणते, कारण २६ जुलै २००५ ला कळंबोलीत पाणी भरलं तेव्हा आमच्या तळमजल्यावरची ट्रंक त्यात बुडाली. मी चौथीत होते. आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे रात्र काढली. पाणी उतरल्यावर आईने कागद दोरीवर चिमटे लावून वाळत घातले होते, ते चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. दाखला वाळला, पण शाई राहिली नाही. तेव्हापासून आमच्या घरातले सगळे महत्त्वाचे कागद पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती माळ्यावर असतात.

मग काय, एका शनिवारी नाक्यावरून साताऱ्याची एसटी पकडली आणि तिथून गाव गाठलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तरांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. पानं जपून उलटत ते आप्पांच्या नावापाशी आले. जन्मतारीख : १ जून १९५७. मी सहज वरची ओळ बघितली. १ जून. खालची ओळ. १ जून. अख्ख्या पानावर निम्म्याहून जास्त पोरं एकाच दिवशी जन्मलेली! हेडमास्तर हसले. ‘शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. आईबाप म्हणायचे, सुगीत झाला, पुराच्या वर्षी झाला. गुरुजी लिहायचे १ जून.’ तुमच्याही घरात एक जूनवाले आजोबा किंवा काका असतील बघा. महाराष्ट्रात त्यांची संख्या जाम मोठी आहे.

डुप्लिकेट दाखला घेऊन विजयी मुद्रेने परत आलो, तर आधार कार्डावर १ जानेवारी १९५७! कार्ड काढायच्या कॅम्पमध्ये आप्पांनी नुसतं साल सांगितलं होतं. फक्त साल सांगितलं की १ जानेवारी धरतात. पासपोर्टच्या खिडकीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, ‘दोन्ही एक करून या.’ ते एक करण्यात दीड महिना गेला. आप्पा वैतागून म्हणाले, ‘तारखा दोन झाल्या, पण वाढदिवस एकदा तरी केलाय का कुणी?’ सगळे हसलो. मग माझ्या लक्षात आलं, की खरंच, कधीच केलेला नाही.

पुढे पोलीस व्हेरिफिकेशन. हवालदार दारात आले आणि आईने चहा ठेवायच्या आत शेजारच्या काकू ‘काय झालं हो?’ करत हजर! पासपोर्ट आला तेव्हा आप्पांनी तो सगळ्या मजल्यांवर फिरवून आणला.

दुसरा अध्याय व्हिसा. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं गाव. कळंबोलीपेक्षा कितीतरी लहान. १९८५ मध्ये तिथे करार झाला आणि आज त्या नावाच्या एका स्टिकरवर २९ देश फिरता येतात. स्टिकर एक, पण त्यासाठीची फाइल मात्र माझ्या इंजिनियरिंगच्या प्रोजेक्टएवढी! माझी बाजू सोपी होती : सॅलरी स्लिप, रजेचं पत्र, रिटर्न्स. आप्पांच्या बाजूला काय? नोकरी नाही, रिटर्न्स नाहीत. होती ती माथाडी बोर्डाची जुनी कागदपत्रं, फंडाच्या पैशांची एफडी आणि एक पासबुक. माथाडींसाठी १९६९ मध्ये कायदा झाला म्हणून निदान एवढं तरी कागदावर आहे, नाहीतर ३९ वर्षांचं काम हवेतच गेलं असतं. खर्चाची जबाबदारी कोणाची, या रकान्यात माझं नाव आलं. शाळेपासून कॉलेजपर्यंत प्रत्येक फॉर्मवर ‘पालक’ म्हणून ज्यांची सही, त्यांची स्पॉन्सर मी! सही करताना हात थोडा थांबलाच.

मग कव्हरिंग लेटर. यात दोन गोष्टी पटवायच्या असतात : का जाताय आणि परत का येणार. मी छापील छापाचं इंग्रजी लिहिलं, ‘कौटुंबिक व सामाजिक बंध’ वगैरे. आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘हे कुणाचं पत्र आहे?’ मग त्यांनी सांगितलं ते लिहिलं. मी लोखंड बाजारात ३९ वर्षं काम केलं. मला लोखंडाचा टॉवर बघायचा आहे. माझी मोठी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे, जुलैमध्ये बाळ होईल, तिच्यापाशी बायको थांबली आहे. त्याच्या आत मला घरी यायचं आहे. बस्स. अर्धं पान. मी इंग्रजी केलं, बाकी कशाला हात लावला नाही.

खरी परीक्षा व्हिसा अर्ज केंद्रात होती. कागद तपासून झाले आणि बोटांच्या ठशांसाठी बोलावलं. डावी चार, उजवी चार, मग दोन अंगठे. माझं मिनिटभरात झालं. आप्पांनी हात ठेवला. लाल. परत ठेवला. लाल. तिसऱ्यांदाही लाल. मागची रांग चुळबुळायला लागली. आप्पांनी पँटला हात पुसले आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, ‘माफ करा ताई, लोखंडानं खाल्ल्यात त्या.’

काय सांगू, माझ्या पोटात गोळा आला. रजिस्टर सापडलं, तारीख जुळली, पत्र झालं, आणि आता बोटंच नाहीत? आप्पांचे तळवे मी लहानपणापासून बघते आहे. खरखरीत, जागोजागी घट्टे पडलेले. पण त्यावरच्या रेषा झिजल्या आहेत, हे मला मशीनने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. आप्पा आणखी जोर लावून दाबायला लागले. तेव्हा ती मुलगी उठून पलीकडून आली. तिने ओला टिश्यू दिला, काच पुसली आणि म्हणाली, ‘काका, जोर लावू नका. नुसता हात ठेवा.’

नुसता हात ठेवायचा! आप्पांना हे आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलं असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. त्यांनी हात अगदी हलका ठेवला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर ठेवावा तसा. एक बोट हिरवं झालं. मग दुसरं. अंगठ्यांना पाच वेळा प्रयत्न करावा लागला. पण झालं!

तर मंडळी, आमच्या ठेचांवरून तुम्ही शहाणे व्हा. ही चेकलिस्ट कापून फ्रिजवर लावा.

• आई-वडिलांचे सगळे कागद समोर मांडा आणि नाव, स्पेलिंग, जन्मतारीख जुळते का ते आजच बघा. तिकीट नंतर.

• पालक दहावी नसतील तर पासपोर्टवर ईसीआर शिक्का बसेल, ही भीती नको. वय ५० च्या वर असेल तर त्यातून सूट आहे.

• पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, युरोपातून निघाल्यावर किमान ३ महिने चालणारा हवा आणि त्यात २ कोरी पानं हवीत.

• अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लागू शकतात. शेवटच्या क्षणाची सवय इथे चालत नाही.

• ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार, त्याच्याकडे.

• फी मोठ्यांना ९० युरो, वर केंद्राचा चार्ज. व्हिसा नाकारला तरी परत नाही. विमा किमान ३० हजार युरोंचा.

• खात्यात आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. स्टेटमेंट बघणाऱ्यांना ते लगेच दिसतं.

• ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. हाताने काम केलेल्यांनी आठवडाभर आधी रात्री बोटांना तेल चोळावं, मेंदी टाळावी.

• १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटं कॉम्प्युटरवर नोंदवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. उतरल्यावर रांगेत जास्त वेळ धरून पुढची ट्रेन बुक करा.

गेल्या गुरुवारी पाकीट आलं. आप्पा दारातच बसले होते. मी फोडणार तर म्हणाले, ‘थांब, आईला येऊ दे.’ आई हात पुसत आली, ताई पोट सांभाळत आली. दोन्ही पासपोर्टांत स्टिकर! आप्पांनी चष्मा लावला, आपला फोटो बघितला आणि जन्मतारखेवर बोट ठेवलं. ‘एक जूनच लिहिलंय की यांनी पण.’

आता बॅग भरणं चालू आहे. आईने मेतकूट आणि चटण्या दिल्या आहेत, आप्पांनी कधी नव्हे ते बूट घेतले आहेत. ते रोज संध्याकाळी लोखंड बाजारापर्यंत चालत जाऊन येतात, प्रॅक्टिस म्हणून. कारण मी लिफ्टचं तिकीट काढत होते, तर त्यांनी जिन्याचं काढायला लावलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. ‘उचलायचं काही नाही ना? मग चढू की,’ म्हणाले.

तिकीट कोणत्या तारखेचं, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला म्हणून सांगते : एक जून. गुरुजींनी लिहिलेला का होईना, वाढदिवस तो वाढदिवस!