अर्जुनेकाठचे बंदर
जेथून समुद्र दृष्टीसही पडत नाही अशा, अर्जुना आणि कोदवली यांच्या संगमावर, खाडीमुखीच्या जैतापुरापासून कित्येक कोस आत वसलेल्या राजापुरात घाटावरून बैलांच्या पाठीवर उतरलेली मिरी भरतीची वेळ साधून गलबतांत चढत असे, हे आजचे उथळ पात्र पाहणाऱ्यास सांगूनही खरे वाटत नाही. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरास तोफांची मदत करणाऱ्या येथील इंग्रज वखारवाल्यांना १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी कैद केले, ते सर्वश्रुतच आहे. परंतु वळणावळणांच्या त्या खाडीतून पाण्याचा रंग पाहून गलबत हाकणाऱ्या अनाम तांडेलांचे ऋण मला त्याहून मोठे वाटते. पावसाळ्यात या नद्यांचा पूर गावातल्या जवाहर चौकात शिरतो आणि दुकानांच्या पायऱ्यांवर तांबडा गाळ ठेवून जातो. त्याच गाळाने ते बंदर बुजविले.