आधी कोळसा कुठे ठेवायचा ते सांगा!

थर्मोचा पेपर जवळ आला की आपण सगळे बॉयलर पाठ करतो. कोक्रन, लँकेशायर, बॅबकॉक-विल्कॉक्स. आकृती काढा, नावं द्या, मार्क घ्या. पण त्या बॉयलरला रोज खायला काय लागतं आणि ते आणायचं कुठून, हे व्हायवाला कुणीच विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

का, ते 'ह्यू लिंडसे'वरून कळेल. ही दोन्ही अंगांना चाकं असलेली आगबोट १८२९ साली मुंबईच्या गोदीत बांधली गेली. वजन ४११ टन, प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं. बांधणी वाडियांची, म्हणजे लाकूडकामात खोट काढायला जागाच नाही. २० मार्च १८३० ला ती टपाल घेऊन मुंबईहून सुएझकडे निघाली. घोळ एवढाच, की तिच्या पोटात कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा आणि एडन होतं अकरा दिवसांवर! मग काय, केबिनमध्ये, डेकवर, दिसेल त्या जागेत कोळसा कोंबला. तरी एडनला पोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा शिल्लक होता. पुढचा कोळसा बंदरात तयार होता खरा, पण तो आधी शिडाच्या जहाजाने पाठवलेला! सुएझ आलं २२ एप्रिलला. त्यात इंजिन चाललं साधारण एकवीस दिवस. बाकीचा वेळ मुख्यतः कोळसा भरण्यात गेला.

दुसरं दुखणं पाण्याचं. तेव्हाच्या बोटींच्या बॉयलरमध्ये सरळ समुद्राचं पाणी जायचं. आत मिठाचा थर बसला की उष्णता पोचत नाही, म्हणजे कोळसा जास्त. थर बसू नये म्हणून खारं गरम पाणी सारखं बाहेर सोडायचं, म्हणजे पुन्हा कोळसा जास्त. १८३४ पासून गंगेवर कलकत्ता-अलाहाबाद आगबोटी धावू लागल्या. तिथे मीठ नव्हतं, पण गाळ होता. आणि हा सगळा जास्तीचा कोळसा फावड्याने भट्टीत टाकणारा आगवाला आपल्या एकाही सूत्रात नाही.

काही जण म्हणतील, 'अरे, आदर्श गृहीतकं धरल्याशिवाय शिकणार कसं?' मान्य. शिकताना धराच. पण गणित सुटल्यावर ती एकेक करून काढून बघायची सवय आपल्याला कोण लावणार? कोळशाच्या तळासाठी बंदर हवं, हे इंग्रजांना मात्र बरोबर कळलं. १८३९ मध्ये त्यांनी एडनच घेतलं. बोटीच्या पोटातली जागा कमी पडली त्याची किंमत एका गावाने मोजली.

म्हणून मित्रांनो, पुढच्या इंडस्ट्रिअल व्हिजिटला चिमणीसमोर ग्रुप फोटो जरूर काढा. पण त्याआधी तिथल्या माणसांना तीन प्रश्न विचारा: इंधन कुठून येतं, पाणी कुठून येतं आणि राख कोण उचलतं? जर्नलमध्ये हे लिहून मार्क मिळणार नाहीत. पण उद्या आपण बांधलेली बोट अर्ध्या वाटेत थांबणार नाही.