गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा

थंडी पडली की बंद बाथरूममध्ये कोणी बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या सुरू होतात. घरच्यांना वाटते, हृदयविकार किंवा फिट. अनेकदा कारण असते गॅस गिझर. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमण येथे एका खोलीत झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. तेथे खोलीत गॅस हीटर होता.

गळती नसतानाही हे घडते, ते लोकांना पटत नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. हवा अपुरी पडून तो अर्धवट जळला की तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र वासही नाही, रंगही नाही. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, मग कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळीही ९८ दाखवू शकतो, कारण हिमोग्लोबिनला काय चिकटले आहे हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून ‘गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास.

गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. एक्झॉस्ट पंख्यावर विसंबू नये, आणि गारवा येतो म्हणून झडपांना पुठ्ठा लावणे तर जिवावरचे. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर बर्नर साफ होईपर्यंत गिझर बंद. कोणी कोसळल्यास आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा आणि त्याला उघड्यावर आणावे.