रांजण भरला, पण केवढा?

विजेवर चालणाऱ्या मोटारींचे गोडवे सध्या सर्वत्र गायिले जातात. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलचा खर्च नाही. हे सारे खरेच आहे. परंतु या मोटारीचा प्राण म्हणजे तिची बॅटरी, आणि ती वर्षागणिक झिजते. माझा आक्षेप झिजण्याला नाही. जे झिजायचे ते झिजणारच. ती झीज मालकाला कळत नाही, याला माझा आक्षेप आहे.

गाडीतल्या पडद्यावर '१०० टक्के' दिसले की आपण निश्चिंत होतो. पण तळाशी गाळ साचलेला रांजणही काठोकाठ भरतोच. पाणी मात्र त्यात कमी मावते. 'इतके किलोमीटर जाल' हा आकडाही अंदाजच. वेग, चढ, थंडी यांनुसार तो बदलतो.

अमेरिकेतील अनुभव या बाबतीत बोलका आहे. निसान कंपनीची 'लीफ' ही मोटार तेथे २०१० च्या अखेरीस आली. तिच्या बॅटरीला थंड ठेवणारी द्रवाची योजना नव्हती. २०१२ साली ॲरिझोनातील फिनिक्सच्या कडक उन्हाळ्यात मालकांच्या लक्षात आले, की क्षमता दाखविणाऱ्या १२ पट्ट्यांपैकी काही नाहीशा झाल्या आहेत. पहिली पट्टी गेली म्हणजे सुमारे १५ टक्के क्षमता गेलेली असे! मालकांनी एकत्र येऊन, गाड्या चालवून मोजमाप केले. पुढे कंपनीने ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांपर्यंत क्षमतेची हमी दिली. मोजले, म्हणून मिळाले!

मोजणे फारसे अवघडही नाही. बॅटरी पूर्ण भरून, एकसारख्या वेगाने गाडी २० टक्के उरेपर्यंत चालवावी आणि किती युनिटे खर्च झाली, ते गाडीतच पाहावे. या ८० टक्क्यांत २०.४ युनिटे गेली, तर पूर्ण क्षमता २५.५ युनिटे. नवी असताना वापरण्याजोगी ३० असेल, तर आता उरली ८५ टक्के. घरच्या मीटरवरून मात्र हिशेब करू नये. बॅटरी भरताना काही वीज वाया जाते.

कोणी म्हणेल, 'कंपनीची हमी असताना ही उठाठेव कशाला?' पण हमी मागायची तर झीज सिद्ध करावी लागते, आणि माप बहुधा विकणाऱ्याच्याच हाती असते! २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर एक नियमावली मान्य झाली. ५ वर्षे किंवा १ लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के, आणि ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमता टिकली पाहिजे, आणि उरलेल्या क्षमतेचा आकडा मालकाला गाडीतच दिसला पाहिजे, असे ती सांगते.

आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीत हा आकडा असलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. उष्णतेने बॅटरी लवकर झिजते, आणि चंद्रपूर-नागपूरचा उन्हाळा फिनिक्सला हार जाणारा नाही. उद्या आयुष्याची पुंजी घालून जुनी गाडी घेणारा एखादा शिक्षक वा कारकून केवळ रंग आणि चाके पाहून फसू नये. दूध मापाने आणि कापड मीटरने मोजून घेणारे आपण. लाखोंची वस्तू तेवढी विश्वासावर का घ्यावी?