नाटकवेड्या राजाची झाशी

नोव्हेंबरचा पहिला आठवडा आला की आपल्याकडच्या नाट्यगृहांना एक निराळीच कळा चढते. एरवी धूळ खात पडलेल्या विंगेत त्या दिवशी केर काढला जातो, नटराजाच्या मूर्तीपुढे समई लागते, रंगमंचाच्या कडेला हळदकुंकू वाहून नारळ वाढवला जातो, आणि पडदा ओढणाऱ्या हातांपासून प्रमुख भूमिका करणाऱ्यांपर्यंत सगळे एका रांगेत उभे राहून तीर्थप्रसाद घेतात. 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. 1843 साली सांगलीच्या दरबारात चिंतामणराव पटवर्धनांपुढे विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ सादर केले, त्याची ही आठवण. सांगलीत त्या दिवशी एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला भाव्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते, आणि वृत्तपत्रांतून त्यांचा फोटो पाहताना आपल्यालाही घरचेच कोणी सन्मानित झाल्यासारखे वाटते.

त्याच महिन्यात पंधरवड्याने 19 नोव्हेंबर येतो. झाशीच्या राणीची जयंती. घोड्यावरचा पुतळा, पाठीला बांधलेले मूल, उगारलेली तलवार, हार, घोषणा, शाळकरी मुलींची भाषणे. हेही आपल्या अंगवळणी पडलेले आहे. पण त्यानंतर दोनच दिवसांनी, 21 नोव्हेंबरला, आणखी एक तारीख येते आणि कुणाच्याही ध्यानीमनी नसताना निघून जाते. 1853 साली त्या दिवशी झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर वारले. आपण त्यांना ओळखतो ते राणीचे यजमान म्हणून, किंवा दत्तकविधानाच्या धड्यातला आजारी राजा म्हणून. ते नाटकवेडे होते, नाटकघर बाळगून होते आणि स्वतः स्त्रीवेश घेऊन रंगत, हे आपल्याला ठाऊक असते तेही एखादी गमतीची गोष्ट म्हणून. रंगभूमी दिन आणि राणीची जयंती या दोन उत्सवांच्या मागोमाग येणाऱ्या या तिसऱ्या तारखेपाशी यंदा जरा थांबावे असे वाटते.

नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. बुंदेलखंडात जाऊन त्यांनी पेशव्यांची सुभेदारी सांभाळली आणि पुढे त्याचेच राज्य झाले. 1838 साली थोरले बंधू रघुनाथराव गेल्यावर गंगाधरराव गादीवर आले. पण राज्य कर्जात, कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली. अशा राजाच्या हाती काय उरते? लढाई करायची नाही, तह करायचा नाही, शेजाऱ्याशी पत्रव्यवहार करायचा तर साहेबाला विचारून. तेव्हा त्यांनी ग्रंथ जमवले आणि नाटके बसवली. झाशीच्या राजवाड्यातला संस्कृत पोथ्यांचा संग्रह त्या काळी नावाजलेला होता. दुपारी पोथी आणि रात्री पखवाज, अशा संस्थानिकांना इतिहासकार सहसा एका वाक्यात निकालात काढतात. आपणही तसेच करावे का, हा प्रश्न आहे.

या राजाबद्दल मराठीत सविस्तर लिहिले ते पेणजवळच्या वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांनी. यज्ञाची दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे म्हणून 1857 साली हे भटजी उत्तरेकडे निघाले आणि सापडले ते थेट बंडाच्या वणव्यात. ‘माझा प्रवास’ हे त्यांचे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केले. गोडसे भटजी झाशीत पोचले तेव्हा राजे जाऊन चार वर्षे लोटली होती. त्यामुळे त्यांनी सांगितलेले बरेचसे ऐकीव आहे. राजे बायकी पोशाख करीत, बांगड्या भरीत, बायकांसारखे चार दिवस बाजूलाही बसत, अशा कथा गावात चघळल्या जात होत्या. इंग्रज अधिकाऱ्याने याबद्दल विचारले तेव्हा राजांनी दिलेले उत्तरही भटजी नोंदवतात. त्याचा आशय असा, की या देशातल्या सगळ्या राजांच्या हातांत तुम्हीच बांगड्या भरल्या आहेत, मग माझ्या बांगड्यांचे नवल ते काय! हे उत्तर खरोखर दिले गेले की गावाने रचले, कोण जाणे. रचले असेल तर त्या गावालाही नाटक कळत होते, असे म्हणावे लागेल.

मराठी माणसाने या कथेला नाक मुरडावे हे मात्र चमत्कारिक आहे. कारण गंगाधररावांनंतर अर्धशतकाच्या आसपास अवघा महाराष्ट्र एका पुरुषाच्या पदरावरून आणि शालूवरून जीव ओवाळून टाकत होता. बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहून घरंदाज स्त्रिया नेसण्याची आणि माळण्याची तऱ्हा ठरवीत. तेच बालगंधर्व 1935 साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात संत एकनाथ म्हणून पुरुषवेशात पडद्यावर आले, तर प्रेक्षकांना ते आपलेसे वाटेनात. एकाला स्त्रीवेशाबद्दल विक्षिप्त ठरवायचे आणि दुसऱ्याला तो सोडल्याबद्दल रुसायचे! दोघांमध्ये फरक इतकाच, की एक तिकिटाच्या पैशावर नटला आणि दुसरा सिंहासनाचा धनी असून नटला. राजाने कलावंतांना पोसावे हे आपल्याला शोभून दिसते. राजाने स्वतः चेहऱ्याला सफेदा फासावा हे अजून पचत नाही.

सांगली आणि झाशी या दोन संस्थानांचे रंगवेड साधारण एकाच काळातले, आणि दोघांचाही आश्रय एकाच सुमारास सुटला. 1851 साली चिंतामणराव वारले, तशी भाव्यांची मंडळी दरबारातून उठून गावोगाव हिंडू लागली. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांचे खेळ झाले आणि पैसे मोजून नाटक पाहणारा मराठी प्रेक्षक जन्माला आला. त्याच 1853 सालच्या नोव्हेंबरात गंगाधरराव गेले. आदल्या दिवशी घेतलेले दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसीने नामंजूर केले आणि पुढच्या वर्षी झाशी खालसा झाली. सांगलीचे नाटक रस्त्यावर आले ते पुण्यामुंबईच्या दिशेने. झाशीच्या नाटकाला जायला रस्ताच उरला नाही. एखादी कला टिकते की विरते हे पुष्कळदा तिच्या गुणावर ठरत नाही. दार बंद झाल्यावर दुसरे कोणते दार उघडे आहे, यावर ते ठरते. आज ज्याला आपण मराठी रंगभूमीची अखंड परंपरा म्हणतो तिच्या कडेला अशा कितीतरी खुंटलेल्या फांद्या असतील.

झाशीच्या किल्ल्यात शिरल्यावर एके ठिकाणी तोफची गुलाम गौस खाँ, खुदाबख्श आणि मोतीबाई यांच्या कबरी दाखवतात. मोतीबाई ही राजांच्या नाटकघरातली नटी, असे तिथली परंपरा सांगते. झाशीचेच लेखक वृंदावनलाल वर्मा यांनी 1946 सालच्या आपल्या हिंदी कादंबरीत तिला आणि त्या नाटकघराला ठळक जागा दिली, आणि पुढच्या पिढ्यांच्या मनात ते चित्र पक्के झाले. त्यातला कल्पनेचा भाग बाजूला ठेवला तरी ती कबर उरतेच. 21 मार्च 1858 रोजी इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या फौजा झाशीपुढे आल्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शहर पडले, राणी रात्री किल्ल्याबाहेर निसटली आणि मागे कत्तल, आग, लूट सुरू झाली. गोडसे भटजी तेव्हा तिथेच होते. राजांच्या ग्रंथालयाची धूळधाण झाली तीही याच दिवसांत. नाटकघराचे कपडेपट, मुखवटे, वाद्ये यांची तर मोजदादही कुणी ठेवली नाही. पुढे 27 मार्च हा जागतिक रंगभूमी दिन ठरला, तो नेमका या वेढ्याच्या दिवसांत पडतो, हा निव्वळ योगायोग. पण मोतीबाईच्या निमित्ताने तो ध्यानात ठेवायला हरकत नाही.

या राजाला पुढे पडद्यावर पुन्हापुन्हा जन्म घ्यावा लागला, तोही दुय्यम भूमिकेत. 1953 साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना, सोहराब मोदींनी ‘झांसी की रानी’ काढला. पारशी रंगभूमीवर शेक्सपिअर गाजवून चित्रपटात आलेला हा भारदस्त आवाजाचा नट. त्याने भारतातला पहिला टेक्निकलर कथापट म्हणून हा खटाटोप केला, मेहताबला राणी केले, स्वतः राजगुरू झाला आणि गंगाधररावांची भूमिका मुबारक या नटाला दिली. चित्रपट आपटला, मोदींचे पुष्कळ पैसे बुडाले. पुढे दूरचित्रवाणीवरच्या मालिकेत आपल्या समीर धर्माधिकारीने हा राजा उभा केला, तर 2019 च्या ‘मणिकर्णिका’त जीशू सेनगुप्ता या बंगाली नटाने. प्रत्येकाच्या वाट्याला आले ते काही मोजके प्रसंग: लग्न, मुलाचा मृत्यू, दत्तक, मरण. नाटकात रमणारा राजा, म्हणजे एका नटाने दुसऱ्या नटाला रंगवायचे, हे किती मोठे आव्हान! पण त्याच्यावर म्हणून कुणी पटकथा लिहिली नाही. कुसुमाग्रजांचे ‘वीज म्हणाली धरतीला’ही अर्थातच राणीचे.

झाशीचे नाटकघर गेले ते गेलेच; आणि नट घडायला तर अंगच्या गुणाइतकेच असे घर लागते. दूरच्या एका गावाचे उदाहरण पाहा. ब्रायन कॉक्स या स्कॉटिश नटाचे नाव अलीकडे ‘सक्सेशन’ मालिकेमुळे आपल्याकडच्या घराघरांत पोचले; तेव्हा त्याने सत्तरी गाठली होती. हा डंडीचा. बंगालचा ताग ज्या गावच्या गिरण्यांत विणला जाई ते हे गाव. लहानपणीच वडील वारलेल्या या कष्टकरी घरातल्या पोराला शाळेत गोडी नव्हती. चौदा-पंधराव्या वर्षी तो गावच्या रेपर्टरी थिएटरमध्ये पडेल ते काम करायला लागला. तिथून लंडन, शेक्सपिअर, हॉलिवूड. 1963 साली डंडीचे ते नाटकगृह जळाले. मंडळींनी जुन्या चर्चमध्ये प्रयोग चालू ठेवले आणि 1982 मध्ये नवी वास्तू उभी केली. जळालेले नाटकगृह पुन्हा बांधणारे गाव आणि न बांधणारे गाव, एवढ्यावरून पुढच्या पन्नास वर्षांतले नट ठरतात.

आपल्याकडेही ही कसोटी लागलेली आहे. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू. तिच्या आगीने गावातले म्हातारे कलावंत भररस्त्यात रडले. पुनर्बांधणी हाती घेतली गेली, ते व्हायलाच हवे होते. पण नाट्यगृह म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. ध्वनिव्यवस्था बिघडलेली, स्वच्छतागृहे तुंबलेली, तारखा लग्नसमारंभांना दिलेल्या, अशी सुस्थितीतली म्हणवणारी नाट्यगृहे आपल्या गावोगाव आहेत, आणि ती न जळताच विझत चालली आहेत. 5 नोव्हेंबरला तिथे नारळ वाढवताना नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातला आकडाही मोठ्याने वाचून दाखवावा, म्हणजे पूजा पुरी होईल.

आणि एक सुचवावेसे वाटते. झाशीत आजही मराठी घरे आहेत. ज्या गणेश मंदिरात राजाराणीचे लग्न लागले तिथे गणेशोत्सव होतो. लक्ष्मीतालाच्या परिसरात गंगाधररावांची छत्री उभी आहे. ग्वाल्हेर तर हाकेच्या अंतरावर, आणि तिथे नाटकाची हौस पिढ्यान्‌पिढ्यांची. या मंडळींनी आणि इकडच्या एखाद्या हौशी संस्थेने मिळून 21 नोव्हेंबरला झाशीत एक मराठी प्रयोग लावावा. राणीवरचाच हवा असे नाही; प्रहसन चालेल, संगीत नाटक चालेल, स्त्रीवेशातला नट असेल तर फारच उत्तम. एक मात्र करावे, तिकीट लावावे. दरबारी नाटकाला तिकीट नसते, आणि दरबार उठल्यावर त्याचे काय होते ते झाशीने पाहिलेले आहे.